रुसून मागितलेला बंब

बंब बिघडायला लागला की आधी त्याचा आवाज बदलतो. पाणी गळणं वगैरे फार नंतरची गोष्ट. चांगला बंब तापताना थोडा वेळ गप्प असतो, मग घशातल्या घशात गुणगुणायला लागतो आणि पाणी हाताला सोसेनासं झालं की झाकणाखालून फुरफुरतो. बिघडू घातलेला बंब कुरकुरतो. आत मूठभर खडे टाकून कुणी हलवतंय असं वाटतं. विहिरीच्या पाण्यातला खार मधल्या नळ्याला धरतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि पाणी तापलं की तळाशी नाचतात. फुलचूरच्या आमच्या घरात अंथरुणात पडल्या पडल्या मी हा आवाज कितीतरी सकाळी ऐकला, ओळखला, आणि कुणाला काही म्हटलं नाही.

मी मुळातच कमी बोलणारा. गोंदियाच्या एका धानाच्या गिरणीत तोलाईवर कारकून म्हणून माझं आयुष्य गेलं. गिरणीच्या घरघरीत बोलून काही उपयोग नसतो, माणसं हातवाऱ्यांवर काम चालवतात. घरी आल्यावरही माझी तीच तऱ्हा. लोक म्हणत, मोठा शांत माणूस. मी शांत होतो की तोंड लपवत होतो, ते आता या वयात लिहून बघतो आहे.

हा बंब मी मागून घेतला होता. रुसून.

आमच्याकडे लग्नाच्या शेवटच्या पंगतीत नवरदेवाचा रुसवा असतो. ताट वाढलेलं असतं, सगळी पंगत थांबलेली असते आणि नवरदेव भातात हात घालत नाही. मग सासऱ्यानं विचारायचं, काय पाहिजे. कुणी अंगठी मागतं, कुणी दुभती गाय, गिरणीतल्या आमच्या एकानं सायकल मागितली होती. माझं लग्न सौंदडच्या पलीकडच्या एका खेड्यात झालं. सासरची माणसं धानाची शेती करणारी. त्यांच्या वाडवडिलांनी गावचा तलाव बांधला होता आणि त्या तलावाच्या पाळीची, म्हणजे बांधाची, राखण अजूनही त्यांच्याच घराकडे होती. घर खाऊनपिऊन ठीक होतं, पण त्यात शहरी वस्तू एकही नव्हती.

माझ्या डोक्यात तेव्हा गिरणीच्या शेठजींची न्हाणी होती. एकदा किल्ल्या द्यायला त्यांच्या बंगल्यावर गेलो असताना दारातून मी तो बंब पाहिला होता. तांब्याचा, कमरेएवढा, तीन पायांवर उभा. मधून आगीचा नळा, खाली जाळी, पुढे पितळी तोटी. तोटी फिरवली की वाफाळतं पाणी. आमच्या घरी चुलीवर हंडा तापत असे आणि माझ्या वाट्याला येईपर्यंत पाणी कोमट होई. तोटीतून गरम पाणी घेणारा माणूस म्हणजे मोठा माणूस, असं माझ्या मनानं घेतलं.

सासऱ्यांनी विचारलं, "बोला जवाईबापू, काय पायजे?"

"बंब."

पंगतीत हसू पिकलं. कुणीतरी ओरडलं, "नवरदेवाले थंडी वाजून राहिली गा, धुनी पेटवा!" सासऱ्यांनी बंब पाहिलेला नव्हता. त्यांनी हसण्याकडे लक्ष न देता विचारलं, "कसा रायते तो?" आणि मी, चार शब्दांच्या वर न बोलणारा माणूस, त्यांना नळा, जाळी, तोटी, झाकण, सगळं समजावून सांगत बसलो. त्यांनी अगदी मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "देईन. आता जेवा. भात थंडा होऊन राहिला."

पुढच्या हिवाळ्यात बंब आला. सौंदडहून छोट्या गाडीनं गोंदियाला, तिथून बैलबंडीनं फुलचूरला, धानाच्या पेंढ्यात, तणसात गुंडाळलेला. तणस काढलं आणि अंगण उजळलं. चिंचेनं घासून असा लख्ख केला होता की शेजारच्या बायांनी त्यात आपापली तोंडं बघून घेतली.

माझी माय त्याच्याभोवती एक फेरी मारून आली. माझ्या मायची जीभ म्हणजे कोयता. सुनेच्या माहेरून आलेल्या प्रत्येक वस्तूत तिनं खोट काढली होती. घागरीला पोचा होता, पाट हलत होता, लुगडं धुतल्यावर आखडलं होतं. आता बंबाचं काय निघतं म्हणून माझी बायको दाराआड उभी राहून ऐकत होती. मायनं कडीखाली हात फिरवला, तळाकडे वाकून पाहिलं, कंबर सरळ केली आणि एवढंच म्हणाली, "ठेवा न्हानीत."

मला वाटलं, बंबानं मायचं तोंड बंद केलं. फार बरं वाटलं मला.

पुढची काही वर्षं त्या बंबानं आम्हाला जे सुख दिलं ते आठवलं की अजून अंग ऊबदार होतं. पौषात तलावांवरून येणारा गारठा घरात शिरतो, विहिरीच्या पाण्यानं बोटं आखडतात, आणि न्हाणीतून वाफ निघते आहे. आळीतल्या बाया बाळंतिणीच्या अंघोळीसाठी पाणी न्यायला येत. बंबाचा एक नियम असतो, काढलं तेवढं घालायचं. आत पाणी कमी झालं आणि खाली आग राहिली तर नळ्याचे सांधे ज्या डाखेनं जोडलेले असतात ती डाख वितळते आणि बंब फुकट जातो. म्हणून बाया थंड पाण्याची भरलेली कळशी घेऊन येत, वरून ती ओतत आणि तोटीतून गरम भरून नेत. माझी बायको कुणाला नाही म्हणत नसे. "घे वो बाई, पन आधी घाल," एवढं म्हणे. आळीतली निम्मी लेकरं आमच्या बंबाच्या पाण्यानं पहिल्यांदा न्हाली. आम्हाला गावात 'बंबवाले' म्हणायला लागले. मी मान खाली घालून चालत असे, पण ऐकत असे.

मग एका हिवाळ्यात बंबाला उशीर व्हायला लागला. आधी सकाळच्या गाडीची शिटी व्हायच्या आत पाणी तयार असे. आता शिटी होऊन गेली तरी तोटीतून कोमटच. लाकडं तेवढीच, पाणी तेवढंच. नंतर ती कुरकुर सुरू झाली. नंतर बादलीच्या तळाशी पांढरे पापुद्रे दिसायला लागले, भाताच्या कण्यांसारखे. तोटीखालच्या दगडावर हिरवट ओघळ आला. आणि एका सकाळी आग पेटत असताना नळ्यातून 'चर्र' असा आवाज आला. तापल्या तव्यावर थेंब पडावा तसा. थोड्या वेळानं पुन्हा. त्या दिवशी मी जाळीखालची राख चिमटीत धरून पाहिली, ती ओली होती. वरून पाणी सांडलं तर राख वरवर भिजते. ही आतून भिजली होती आणि तिचा गोळा होत होता. नळा आगीवर झिरपत होता.

माझी बायको तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. सुटीच्या दिवशी मी बंब रिकामा केला, जाळी काढली, न्हाणीच्या फरशीवर आडवा झालो आणि पेटती चिमणी हातात धरून खालून नळ्यात पाहिलं. निम्म्या उंचीवर तळहाताएवढं ठिगळ होतं. ठिगळाची एक कड सुटत आली होती. आमच्याकडे आल्यापासून बंब एकदाही दुरुस्तीला गेला नव्हता. म्हणजे तो ठिगळासकटच आला होता. कुणाचा तरी वापरून टाकलेला बंब घासूनपुसून मला देण्यात आला होता.

मला पहिल्यांदा लाज वाटली, असं लिहायला आवडलं असतं. पहिल्यांदा राग आला. फसवलं मला, असं वाटलं. आणि त्या रागात मी जे केलं ते आजवर कुणाजवळ बोललो नाही. लेक झाल्यावर बायकोला आणायला मी जायचं ठरलेलं होतं. मी गेलो नाही. गिरणीत काम निघालं असं खोटं सांगून माझ्या मामाला पाठवलं, आणि तेही दुसऱ्या दिवशी. सासऱ्यांना निरोप पोचलाच नाही. ते बंडी जुंपून सौंदडच्या स्टेशनावर येऊन बसले. एक गाडी गेली, संध्याकाळची दुसरी गेली, तरी बसले. बायकोनं घरी आल्यावर सांगितलं, "बाबा म्हनत होते, गिरनीत लय काम दिसते. जवाईबापूले जेवाले तरी भेटते का नाही." त्यांनी माझ्यासाठी एक पायली आंबेमोहर तांदूळ पाठवला होता. तो मी खाल्ला.

राग किती दिवस टिकतो? तांदूळ संपायच्या आतच माझा संपला. मागे लाज उरली. मला आठवायला लागलं, की त्या घरात आजारी माणूस सोडून कुणी गरम पाण्यानं न्हात नव्हतं. पुरुष तलावावर जात, बाया विहिरीवर. ज्या माणसानं बंब कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, त्यानं माझ्या वर्णनावरून तो कुठे कुठे शोधला असेल. हे सगळं कळूनही मी बोललो नाही. आधी रागानं बोललो नव्हतो, मग लाजेनं.

बायको परत आल्यावर एक बदल झाला. ती म्हणाली, "लाकडं कायले जाळाची? गिरनीतून तूस आनत जा. शेनात कालवून गवऱ्या थापीन, बंबाले तेच बरं." मी रोज संध्याकाळी धानाच्या तुसाचं पोतं खांद्यावर टाकून आणायला लागलो. तुसाच्या गवऱ्या धुमसतात, भडकत नाहीत. बंबातला 'चर्र' आवाज बंद झाला. कुरकुरही जवळजवळ थांबली. आणि तोटीला पाणी मात्र पुन्हा पहिल्यासारखं गरम.

धुमसत्या गवऱ्यांवर एवढं पाणी तापत नाही, हे मला कळत नव्हतं का? गिरणीतला माणूस मी, तूस किती आग देतं ते मला चांगलं ठाऊक. त्या आगीत थेंब पडला तरी चर्र होत नाही, हेही ठाऊक. ते पाणी कुठून येत होतं, हे मी विचारलं नाही. ती सगळ्यांच्या आधी उठते, एवढं मला झोपेत जाणवे. मी कूस बदलून पडून राही. उठल्यावर तोटी फिरवून अंघोळ करी. असे हिवाळे गेले. माझ्या मनावर जे ओझं आहे ते हे आहे.

तिकडे महायुद्धाची लढाई सुरू असतानाची गोष्ट. सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि ते दवाखान्यात दाखवायला गोंदियाला आले. चार दिवस आमच्याकडे राहणार होते. ते येणार म्हटल्यावर बायकोचं जेवणावरचं लक्षच उडालं. मला कारण कळत होतं. बाप पहिल्यांदाच लेकीच्या घरी त्या बंबाच्या पाण्यानं अंघोळ करणार होता. त्याला तो बंद पडलेला कळला, तर जावयाला आपण जुनी वस्तू दिली हे व्याह्यांना कळलंय, हेही त्याला कळेल. आणि वर मायची जीभ घरात. एका वाक्यात म्हातारा मोडून जाईल. बायकोनं हे काही बोलून दाखवलं नाही. फक्त एकदा म्हणाली, "बाबाले आता दिसत नाही ना धड." ते तिनं सुटकेनं म्हटलं आणि मग स्वतःच ओशाळली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली आणि पहिल्यांदाच मीही उठलो. का उठलो ते सांगता येणार नाही. म्हाताऱ्याच्या खोकण्यानं झोपमोड झाली होती, असंही म्हणता येईल. मी मागच्या पडवीत आलो. बायको चुलीवरचा उकळता हंडा दोन्ही हातांनी धरून न्हाणीकडे निघाली होती. तो ती बंबाच्या तोंडातून आत ओतणार होती. मला पाहिलं आणि थांबली. हंड्यातून वाफ निघत होती, तिचा चेहरा धड दिसत नव्हता.

मी काही बोलायच्या आत चुलीकडून आवाज आला.

"उभा काऊन राहिला भुतावानी? हंडा धर एका बाजूनं. थकली ते."

माय होती. दुसऱ्या चुलीपुढे पाय पसरून बसली होती आणि फुंकणीनं जाळ घालत होती. तिच्या चुलीवर दुसरा हंडा होता.

मी हंडा धरला. ओतून झाल्यावर विचारलं, "माय, तुले मालूम होतं?"

"कायचं?"

"बंबाचं."

"पहिल्याच दिवशी पाह्यलं म्या. कडीखाली जुनी कडी काढल्याचा डाग होता. नव्या बंबाले जुना डाग कसा राहीन?"

"मंग बोलली काऊन नाही? तू तं लुगड्यावर बी बोलली होती."

मायनं फुंकणी खाली ठेवली. "लुगडं त्यानं आपल्या मनानं देल्लं होतं. त्याले नाव ठेवाचा माहा हक्क होता. बंब तुवा मांगला. भरल्या ताटावर बसून मांगला. मांगनारा माहा पोरगा, तं देनाऱ्याले म्या कोन्या तोंडानं बोलू?"

मी तिथेच चुलीपाशी बसलो. बायकोला म्हटलं, "आन् तू? मले सांगाचं होतं."

ती पदराचा बोळा हातात घेऊन उभी होती. खाली बघत म्हणाली, "तुमी पुन्हा रुसले असते तं?"

माय हसली. फिसकन हसली आणि मग तिला खोकला आला. बायकोलाही हसू आलं, ते तिनं पदरानं दाबलं. इतकी वर्षं मी समजत होतो, की ती हे सगळं मायच्या धाकानं करते. ती माझ्यापासून लपवत होती. आणि मायनं एका सकाळी काही न विचारता तिच्याशेजारी दुसरी चूल पेटवली होती, तीही माझ्याचपासून लपवण्यासाठी. माझं एका पंगतीतलं रुसणं त्या दोघींनी एवढं जपून धरलं होतं. आणि मला सगळं आधीच ठाऊक होतं, हे सांगायला त्या सकाळीही माझी जीभ उचलली नाही.

तेवढ्यात सासरे उठले. मी त्यांना हात धरून न्हाणीत नेलं. बंबाच्या जाळीत बायकोनं दोन गवऱ्या देखाव्याला धुमसत ठेवल्या होत्या. मी तोटी फिरवली, बादली भरली. सासरे लगेच पाटावर बसले नाहीत. त्यांनी बंबाच्या अंगावर तळवा ठेवला, वर, मग मध्ये, मग खाली. मग कान लावला.

"जवाईबापू," ते म्हणाले, "बंब बोलत नाही."

मी तोटी बंद केली.

ते खाली बसले, चाचपडत जाळीखाली हात घातला आणि चिमूटभर राख काढून बोटांत चोळली. मी त्यांना तलावाच्या पाळीखाली असंच करताना पाहिलं होतं. पावसाळ्यानंतर ते पाळीच्या पायथ्याशी जाऊन ओल हातानं बघत. ते म्हणत, निवळ पाणी झिरपत असेल तर पाळीला घाम आलाय म्हणायचं, पण गढूळ आलं की पाळ चालली, आतली माती सुटली. त्यांनी ती राख नाकाजवळ नेली.

"कवापासून?"

खोटं बोलायला माझ्याजवळ जागा होती. मी म्हटलं असतं, कालपासून, तर त्यांनी विश्वास ठेवला असता. त्यांनी माझ्या गिरणीतल्या कामावरही विश्वास ठेवला होता. दाराआड बायको उभी आहे, हे मला कळत होतं.

"लय वर्सं झाली, मामाजी," मी म्हटलं. "म्या आतून पाह्यलं होतं. ठिगळ पाह्यलं. तवा तुमाले राग धरला आन् सौंदडले आलो नाही. गिरनीत काम नव्हतं."

हे एका दमात बोललो. इतकं मोठं वाक्य मी त्या घरात कधी बोललो नव्हतो.

सासरे राखेचा हात धुऊन पाटावर बसले. पाठ माझ्याकडे केली. मग म्हणाले, "घाला पानी. थंडं होऊन राहिलं."

मी त्यांच्या पाठीवर पाणी घातलं. ते बोलत राहिले. बंब नागपूरकडे बदलून गेलेल्या रेल्वेतल्या एका बाबूकडून मिळाला होता. ठिगळ त्यांनी पाहून घेतलं होतं, आत पाणी भरून रात्रभर ठेवलं होतं, थेंब आला नव्हता. "सांगाले पायजे होतं. पन तुमचं तोंड आठवलं ताटावरचं. म्हनलं, रुसनारा मानूस, पुन्हा रुसन." मग ते थांबून हसले. "एक सांगू का? तुमी बंब मांगला तवा मले बरंच वाटलं. आंगठी मांगली असती तं तुमच्या बोटात राह्यली असती. बंब म्हनलं का माह्या पोरीच्या बी आंगावर गरम पानी पडन."

दाराबाहेर काहीतरी आपटलं. बायको तिथून निघून गेली होती. बंबाच्या पाण्यापायी तिनं किती हंडे उचलले, हे त्यांना कुणीच सांगितलं नाही. तेवढं मी लपवलं म्हणून आजही बरं वाटतं.

माय पडवीतून ओरडली, "इवाईबापू, झालं का नाही? का तलावच सोडला न्हानीत?"

"झालं, इहीनबाई," सासरे म्हणाले. "तुमचा पोरगा लय बोलून राहिला आज."

"माहा पोरगा? मंग दुसराच कोनी असन तो."

त्याच आठवड्यात मी बंब बंडीत घालून गावातून उघड्यावर नेला. तणसात गुंडाळला नाही. ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं, नळा गेला. गोंदियाच्या तांबटानं पाहिलं आणि म्हणाला, नळा नवा घालावा लागेल, पण लढाईमुळे तांब्याचा पत्रा मिळत नाही. मी तसाच परत आलो. मायनं ऐकलं, आत गेली आणि आपलं तांब्याचं गंगाळ घेऊन आली. ते तिच्या बापानं तिच्या लग्नात दिलेलं होतं, आणि तिनं त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. "हे ने," म्हणाली. "पडूनच आहे. त्याले बी खोट नव्हती अशातली गोष्ट नाही."

तांबटानं गंगाळ ठोकून त्याचा नळा केला. बंब परत आला तेव्हा ऑपरेशनमुळे मुक्काम वाढून सासरे अजून आमच्याकडेच होते, डोळ्याला पट्टी बांधून. पहिल्यांदा आग मी घातली, चांगल्या कोरड्या लाकडांची. आम्ही चौघं न्हाणीच्या दारात उभे होतो, लेक मायचं बोट धरून. आधी काही ऐकू आलं नाही. मग बंब गुणगुणायला लागला. सासऱ्यांनी मान हलवली. पहिली बादली मी बायकोसाठी काढली. ती म्हणाली, "बाबाले आधी," आणि बाबा म्हणाले, "तुही बादली आहे ते, पोरी." मग ती न्हाणीत गेली आणि दार लावून घेतलं. बराच वेळ बाहेर आली नाही. त्या दिवसापासून पहाटेची आग माझ्याकडे आली, ती आजतागायत आहे.

सासरे त्या डोळ्यानं पुढे बऱ्यापैकी बघत होते. पाळीवर फिरताना एकदा ताप धरला आणि गेले. मायही मागच्या उन्हाळ्यात गेली. दोघांनाही मी जे म्हणायला हवं होतं ते कधी नीट म्हटलं नाही. त्यांनी माझी चूक पोटात घातली आणि वर तिचं गरम पाणी करून मला न्हाऊ घातलं, हे उपकार कसे बोलून दाखवायचे ते मला येत नव्हतं. म्हणून हे लिहिलं.

या हिवाळ्यात, परवाच, मी आग घालून न्हाणीच्या उंबऱ्यावर बसलो होतो आणि बंब कुरकुरला. एकदाच. मी कान दिला. पुन्हा कुरकुरला. पूर्वीचा मी असतो तर चूळ भरून गिरणीत निघून गेलो असतो. मी चुलीकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "ऐकलं का? बंबाचा आवाज बदलून राहिला."

बायको भाकरी थापत होती. तिनं वर न बघता म्हटलं, "आठवडा झाला. पाहून राहिली होती, तुमी सांगता का नाही."

"आज जाळी काढून पाहतो."

"पाहा. पन आधी एक बादली थंडं घाला वरून. नुसते बोलत नका बसू."

मी उठलो आणि विहिरीवर गेलो.